पान वाढलंय

निकम सरांच्या नावाचा घास गच्चीवर ठेवून बराच वेळ झाला होता आणि कावळा यायचं नाव घेत नव्हता.

खाली हॉलमध्ये भावकी बसली होती. आधी गप्पा झाल्या, मग जांभया, आणि आता घड्याळाकडे चोरून बघणं सुरू झालं होतं. कावळा शिवल्याशिवाय म्हाळाची पंगत बसवायची नाही, हा निकमांच्या घरचा रिवाज. स्वयंपाकघरातून वड्यांचा आणि खिरीचा वास येत होता आणि माणसं नुसता वास खाऊन दमली होती. वर गच्चीवर आम्ही तिघंच होतो. निकम काकू, त्यांचा पुण्याहून आलेला मुलगा निशिकांत आणि मी. माझा खरं तर या सगळ्याशी काही संबंध नव्हता. मी घराचे फोटो काढायला आले होते.

"काव, काव," निशीदादा पुन्हा ओरडला. पुण्यातल्या मोठ्या कंपनीतला साहेब तोंडाशी हात धरून कावळ्याचा आवाज काढत होता, आणि तोही धड जमत नव्हता.

"तुझ्या आवाजानं यायचा तोपण पळून जाईल," काकू म्हणाल्या.

"आई, चेष्टा नको. गेल्या वर्षी घास ठेवायच्या आत झडप घातली होती की नाही? मग आजच काय झालं? बाबांचं मन अडकलंय कशात तरी."

"कशात?"

"या घरात. दुसरं कशात असणार?"

मी ड्रोनची पाती पुसत बसले. पाती स्वच्छच होती, पण अशा वेळी हाताला काम असलेलं बरं.

मी संपदा भोईटे. विकायच्या घरांचे फोटो आभाळातून काढायचे, हे साताऱ्यात आमच्या भागात पहिल्यांदा मी सुरू केलं. त्याआधी लग्नांत ड्रोन उडवायचे. अक्षता पडताना मांडवावर घिरट्या घालून घालून कंटाळा आला होता. घरांचं काम मला मनापासून आवडलं. रस्त्यावरून बघितलं तर प्रत्येक घर म्हणजे एक फाटक आणि एक रंग उडालेली भिंत. वरून बघितलं की कळतं, घराला अंगण किती, सावली कुणाची पडते, पाठीमागे काय आहे. आणि हात माझा चांगला होता. हे मी सांगायला लाजत नाही. वारा सुटलेला असताना विजेच्या दोन तारांमधून ड्रोन काढून आणायचा असेल, तर लोक मलाच बोलवायचे.

निकम काकूंचं घर मी लहानपणापासून ओळखत होते. त्यांच्याच गल्लीत मी वाढले. सर शाळेत गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की नाक्यावरच्या सायकलच्या दुकानात बुद्धिबळ खेळत बसायचे. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासूनच. दुपारी काकू फाटकात येऊन मला हाक मारायच्या, "संपदा, जा बाई, सरांना घेऊन ये. पान वाढलंय म्हणावं." मी जायचे. सर वर न बघता म्हणायचे, "हा एक डाव संपू दे." तो डाव कधीच संपायचा नाही. एकदा मला इतकी भूक लागली होती की मी पटावरचा त्यांचा वजीर उचलला आणि पळत सुटले. सर धोतर सावरत मागे, "अगं ए कारटे, ठेव तो!" मी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात, मागोमाग सर. समोर ताट वाढलेलं. बसले की मुकाट्यानं. त्यानंतर हीच पद्धत पडून गेली. वजीर घ्यायचा आणि पळायचं.

सर जाऊन दोन वर्षं झाली होती. काकू त्या मोठ्या घरात एकट्या राहत होत्या. त्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण मन मात्र पक्कं झालं. वाईला त्यांची धाकटी बहीण एकटीच होती. तिच्या शेजारचा तळमजल्यावरचा ब्लॉक विकायला होता आणि मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. हे घर विकायचं, तो ब्लॉक घ्यायचा आणि दोघी बहिणींनी भिंतीला भिंत लावून राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

अडचणी दोन होत्या. एक म्हणजे घर विकलंच जात नव्हतं. पुढच्या प्लॉटवर चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं होतं आणि रस्त्यावरून काकूंचं घर दिसायचंच नाही. एजंट माणसं घेऊन यायचे आणि ती गल्लीच्या तोंडावरूनच परत जायची. ही अडचण माझ्या हातातली होती.

"काकू, हे घर रस्त्यावरून विकायचंच नाही," मी त्यांना म्हटलं होतं. "आभाळातून विकायचं. मागं अख्खा यवतेश्वरचा डोंगर आहे तुमच्या. पाऊस उघडला की चार दिवस तो असा हिरवा दिसतो की बघणाऱ्यानं तिथूनच इसार पाठवावा."

"पितृपक्ष लागतोय की गं."

"पितृपक्षात घर बघायला कोणी येत नाही. फोटो काढायला कोण अडवतंय? आत्ता काढले तर दसऱ्याला गिऱ्हाईक दारात. दिवाळीनंतर डोंगर पिवळा पडला की मग कशाला कोण येतंय."

काकूंना पटलं. पाऊस मात्र ऐकायला तयार नव्हता. मध्ये एकदा तासभर उघडीप मिळाली तेव्हा मी ड्रोन उडवून बघितला, तर कॉलनीतले सगळे कावळे त्याच्यावर तुटून पडले. काकू कपाळावर हात धरून बघत होत्या.

"तुझ्या त्या यंत्राच्या मागं लागलेत की गं सगळे!"

"नेहमीचंच आहे काकू. त्यांना वाटतं घारच आली. मी नेईन तिकडं ओरडत मागं येतात."

काकू यावर खूप हसल्या. इतकं हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

दुसरी अडचण म्हणजे निशीदादा. सरांच्या माघारी घरावर मायलेकांची नावं लागली होती आणि त्याच्या सहीशिवाय व्यवहार होणार नव्हता. तो वाईट माणूस नव्हता. उलट जीव लावणारा होता. "आई, माझ्याकडे ये," म्हणायचा. काकू दोन महिने राहूनही आल्या होत्या. "तिथं खिडकीतनं नुसत्या दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात," एवढं म्हणून परत आल्या. पण घर विकायचं म्हटलं की तो हळवा व्हायचा. वर्षातून दोनदा यायचा, आपल्या खोलीत झोपायचा, सरांच्या खुर्चीत बसून चहा प्यायचा आणि जायचा. एवढ्यासाठी काकूंनी तिथं एकटीनं रात्री काढायच्या, हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं. मला त्याचा रागही यायचा आणि दयाही.

आणि नेमकं सरांच्या म्हाळाच्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं झालं. मी काकूंना फोन केला. "ये की," त्या म्हणाल्या, "तू तुझं काम कर, आम्ही आमचं करतो." सकाळभर मी घर चारी बाजूंनी टिपलं. शेवटचा एक फोटो राहिला होता, गच्चीवरून थेट डोंगराकडे जाणारा. तो घ्यायचा तर गच्ची रिकामी व्हायला हवी होती, आणि गच्ची कावळ्यासाठी अडली होती.

"माझं ऐकशील आई?" निशीदादाचा आवाज आता भरून आला होता. "मी बाबांना सांगतो, घर विकणार नाही. बघ कावळा येतो की नाही."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग घासाकडे बघितलं. केळीच्या पानावर भात, वडे, खीर, गवारीची भाजी सगळं व्यवस्थित मांडलेलं होतं आणि त्यावर माशा यायला लागल्या होत्या.

"आणि माझ्या बोलण्यावर आला तर?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तू तुझं सांग त्यांना. मी माझं सांगते. ज्याच्या बोलण्यावर कावळा शिवेल, त्याचं खरं. तुझ्यावर आला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. मरेपर्यंत इथंच राहीन. माझ्यावर आला तर तू सही करायला का कू करायची नाहीस."

"बाबांची शपथ," निशीदादा म्हणाला. त्याला आपल्या वडिलांची खात्री होती.

एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य एका कावळ्यावर लावलं जात होतं, आणि लावणारी ती स्वतःच होती. मी काही बोलणार तेवढ्यात काकू माझ्याकडे वळल्या.

"तू काय बसलीयस गं? तुझं फोटोचं काम राहिलंय ना? जा, खाली जाऊन ते उरकून घे."

"पण काकू, गच्ची रिकामी..."

"जा म्हणते ना!"

मी ड्रोन उचलला आणि जिना उतरले. घराच्या शेजारी एक मोकळा प्लॉट होता. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. तिथं एका सपाट दगडावर ड्रोन ठेवला आणि वर सोडला. तो छपरांच्या वर गेला आणि स्क्रीनवर जे दिसलं ते बघून मी कपाळावर हात मारून घेतला.

अख्ख्या कॉलनीत गच्चीगच्चीवर पानं मांडलेली होती. हिरवे चौकोनच चौकोन. कुठं पत्रावळ, कुठं ताट, कुठं पाण्याच्या टाकीच्या झाकणावरच घास ठेवलेला. घरोघरी म्हाळ. कावळ्यांना आज सगळीकडून आमंत्रणं होती आणि ते जेवून सुस्तावले होते. कॉलनीच्या पलीकडच्या टोकाला पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्या कठड्यावर सगळे ओळीनं बसले होते. चोची पुसत. सरांचं मन कुठंही अडकलेलं नव्हतं. पाहुण्यांचं पोट भरलं होतं, इतकंच.

मी क्षणभरही विचार केला नाही. करायला हवा होता असं मला आजही वाटत नाही. ड्रोन थेट टाकीवर नेला आणि त्यांच्या समोरून, अगदी नाकापुढून काढला. दोन कावळे उठले. परत फिरवून आणला. मग मात्र सगळा कठडाच उठला. आरडाओरडा करत, एकमेकांना बोलावत ते ड्रोनच्या मागे लागले. एक तर इतका जवळ आला की त्याची चोच स्क्रीनभर झाली.

"या," मी म्हटलं. "या माझ्या मागं."

मी फार जोरात पळाले असते तर त्यांनी नाद सोडला असता. फार हळू गेले असते तर त्यांनी ड्रोन खाली पाडला असता. मी त्यांना हाताच्या अंतरावर ठेवून कॉलनीवरून आणत होते. गच्चीच्या जवळ आले आणि स्क्रीनवर बघितलं. पानासमोर निशीदादा उभा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. त्याचा आवाज मला खालीसुद्धा ऐकू येत होता. "बाबा, नाही विकणार. तुमचं घर तुमचंच राहील. या बाबा."

मी ड्रोन आहे तिथून वळवला. कावळ्यांचा घोळका घेऊन मागच्या पेरूच्या झाडांवरून गोल फिरायला लागले. एक फेरी झाली, आणखी एक झाली. निशीदादा हटेना. रिमोट टुकटुक वाजायला लागला. बॅटरी लाल झाली होती. हे यंत्र असं आहे की बॅटरी उतरली की ते मालकाचंही ऐकत नाही, आपलं आपण घरी यायला निघतं. मी ते बटण दाबून गप्प केलं आणि पुन्हा फिरवायला लागले. दोन कावळे कंटाळून निघून गेले. मग तिसरा गेला. काकूंचा निकाल आता निशीदादाच्या सहीवर राहिला नव्हता. तो ड्रोनमध्ये उरलेल्या बॅटरीवर आणि कावळ्यांच्या रागावर अडला होता.

शेवटी निशीदादानं डोळे उघडले, तसंच राहिलेल्या पानाकडे बघितलं आणि बाजूला होऊन पुन्हा डोळे मिटून उभा राहिला.

काकू पुढे आल्या. पदर खोचला, हात जोडले. मला वाटलं, त्या एक वाक्य बोलतील आणि संपेल. पण त्या बोलतच होत्या. ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. एवढं काय सांगायचं होतं त्यांना? रिमोट पुन्हा वाजायला लागला. मी दात खाऊन फेरी मारली. "आटपा काकू, आटपा," मी त्या गवतात उभी राहून पुटपुटत होते. त्या पानाकडे बघतच नव्हत्या, मान वर करून आभाळाकडे बघत बोलत होत्या. मग त्यांनी हात खाली घेतले आणि मागे सरल्या.

मी ड्रोन गच्चीवर झोकला. कठड्याच्या जेमतेम वरून, पानाच्या अंगावरून नेला आणि पलीकडच्या भिंतीआड प्लॉटमध्ये खाली घेतला. तो गवतात आडवा पडला आणि बंद झाला. वर कावळ्यांचा गलका झाला. त्यांचा शत्रू नाहीसा झाला होता आणि समोर वडे होते. आधी एक कठड्यावर उतरला. मान तिरकी केली, इकडे तिकडे बघितलं, टुणकन पानाजवळ गेला आणि भात सोडून वडाच उचलला.

"शिवला!" निशीदादाचा आवाज फाटला. "आई, शिवला गं!"

मी वर गेले तेव्हा तो खाली बसून लहान मुलासारखा रडत होता आणि काकू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. "भात टाकून वडा उचलला," तो पुनःपुन्हा म्हणत होता. "बाबाच. बाबाच गं." खाली पंगत बसली. मीसुद्धा जेवले, तीन वडे जास्तीचे खाल्ले. कमावले होते मी ते.

शेवटचा फोटो दुसऱ्या दिवशी घेतला आणि तो माझ्या मनासारखा आला. स्वच्छ गच्ची, तिच्यापुढे पेरूची झाडं आणि त्यांच्यापुढे हिरवागार डोंगर. त्या फोटोवर पनवेलचं एक जोडपं आलं. गल्लीत शिरताना त्यांचे चेहरे उतरले होते, पण मी त्यांना कुठंही थांबू न देता थेट गच्चीवर नेलं. तिथून ती बाई खाली यायलाच तयार होईना. निशीदादानं एक शब्द न बोलता सही केली. दिवाळीचा फराळ काकूंनी वाईला केला.

हे सगळं मी कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नाही. उलट, इतकं चांगलं उड्डाण मी पुन्हा कधी केलं नाही, आणि ते कुणाला सांगताही येत नाही, याची चुटपुट मात्र होती.

मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा वाईला घाटाजवळच्या एका घराचं काम होतं, तेव्हा काकूंकडे गेले. दोघी बहिणी दारात खुर्च्या टाकून शेंगा सोलत होत्या. काकू आता बऱ्याच वाकल्या होत्या, पण आवाज तोच. बहीण चहा टाकायला आत गेली आणि काकूंनी सुपातून नजर न काढता विचारलं, "सरांच्या म्हाळाच्या दिवशी पेरूच्या झाडावरनं केवढा वेळ गरागरा फिरत होतीस गं. मला तर वाटलं, आता पडतंय ते खाली."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"तुम्हाला दिसत होतं?"

"कावळे ओरडत येतात ते काय आंधळ्याला पण कळतं. निशी डोळे मिटून होता म्हणून बरं."

मी हसले. मला एकदम हलकं वाटलं आणि थोडी फुशारकीही आली. "मग काकू, एवढं काय बोलत बसला होतात? माझी बॅटरी संपत आली होती! घर विकते, एवढंच सांगायचं होतं ना?"

"ते नाही सांगितलं मी."

"मग?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "मी म्हटलं, अहो, मला एकटीला भीती वाटते त्या घरात. न्हाणीत पडले तेव्हा तुम्हालाच हाका मारत होते रात्रभर. मला बहिणीकडं जायचंय. पण घर तुम्ही बांधलंय. तुमच्या मनात नसेल तर येऊ नका. पान तसंच राहू दे. मी काही वाईट वाटून घेणार नाही, इथंच राहीन."

इतकी वर्षं मी ज्याचा डौल मनातल्या मनात मिरवत होते, ते उड्डाण माझ्यासमोर वेगळंच होऊन उभं राहिलं. एक बाई आपल्या नवऱ्याला मनापासून विचारत होती, आणि उत्तर मी देऊन टाकलं होतं.

"काकू," मी कशीबशी म्हणाले, "मग ते उत्तर सरांचं नव्हतंच की. कावळे तर मी आणले."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत सोप्या गणितात चुकलं की सर बघायचे.

"अगं, पान वाढलं म्हणून ते आपणहून आले होते का कधी?" त्या म्हणाल्या. "तू वजीर घेऊन पळायचीस, तेव्हा मागनं यायचे."